अर्धा गुण कोणाचा? थेसालोनिकी, १९८८

१/
नोव्हेंबर १९८८. ग्रीसमधील थेसालोनिकी शहरात बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले होते. महिला विभागाच्या चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा गुणफलकाच्या माथ्यावर दोन आकडे होते : हंगेरी ३३, सोव्हिएत संघ ३२.५. अंतर अर्ध्या गुणाचे, म्हणजे एका बरोबरीच्या डावाचे. १९५७ पासून ज्या ज्या महिला ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत संघ उतरला, ते प्रत्येक त्याने जिंकले होते. अशी अकरा विजेतेपदे पदरी असलेला संघ पहिल्यांदाच दुसऱ्या क्रमांकावर आला.

२/
या निकालाच्या दोन कथा आजही सांगितल्या जातात. पहिली कथा प्रेमाची : सोव्हिएत संघातील एक खेळाडू ऐन स्पर्धेत अमेरिकी संघाच्या कर्णधाराशी लग्न करून निघून गेली, म्हणून सोव्हिएत संघ हरला. दुसरी कथा प्रयोगाची : बुडापेस्टमधील एका शिक्षकाने आपल्या तीन मुलींना ठरवून प्रतिभावान ‘घडवले’, म्हणून हंगेरी जिंकला. दोन्ही कथांतील घटना खऱ्या आहेत. मात्र कारण म्हणून दोन्ही अपुऱ्या आहेत. शिवाय दोघींतही एक साम्य आहे. पटावर बसून डाव खेळलेल्या स्त्रिया दोन्ही कथांत दुय्यम ठरतात.

३/
म्हणून आधी हिशेबाची रीत समजून घ्यावी. त्या काळी महिला संघात चार खेळाडू असत. तीन पटांवर तिघी खेळत आणि चौथी राखीव असे. चौदा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन डाव, असे एका संघाचे एकूण बेचाळीस डाव. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. या सगळ्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. आजची पद्धत निराळी आहे. २००८ पासून महिलांचे संघही चार पटांवर खेळतात आणि संघाने लढत जिंकली की दोन गुण मिळतात, मग ती अडीच-दीडने जिंकलेली असो की चार-शून्याने.

४/
जुन्या पद्धतीत असा आडोसा नव्हता. दुबळ्या संघाविरुद्ध ३–० ऐवजी २.५–०.५ असा विजय मिळाला तरी तो अर्धा गुण कायमचा गेला. तिसऱ्या फेरीत कंटाळून स्वीकारलेली बरोबरी चौदाव्या फेरीत सुवर्णपदकावर पाणी फिरवू शकत असे. उलट, हरण्याच्या स्थितीत चार तास तग धरून वाचवलेला डाव तेवढ्याच मोलाचा. प्रत्येक डाव थेट अंतिम बेरजेत जात असल्याने कोणताही निकाल एका खेळाडूच्या नावावर टाकणे या पद्धतीत विशेष अवघड आहे. हा मुद्दा पुढे कामी येईल.

५/
सोव्हिएत वर्चस्व किती भक्कम होते? पहिले महिला ऑलिंपियाड १९५७ साली नेदरलँड्समधील एमेन येथे झाले. तेव्हा संघ फक्त दोन पटांवर खेळत. ते सोव्हिएत संघाने जिंकले आणि पुढे परंपराच पडली. १९६२ ते १९७८ जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली जगज्जेती होती. पुरुषांच्या बरोबरीचा ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. तिला हरवून १९७८ मध्ये जगज्जेती झाली तीही जॉर्जियाचीच, सतरा वर्षांची माया चिबुर्दानिद्झे. मधल्या काळात एकदाच, १९७६ मध्ये, सुवर्णपदक दुसरीकडे गेले. हैफा येथील त्या स्पर्धेवर सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला होता. ती इस्रायलने जिंकली.

६/
१९८८ चा सोव्हिएत संघही याच तोलाचा होता. पहिल्या पटावर विद्यमान जगज्जेती चिबुर्दानिद्झे. तिच्यासोबत येलेना अख्मिलोव्स्काया, इरिना लेव्हितिना आणि मार्ता लितिन्स्काया. यांपैकी लेव्हितिना १९८४ मध्ये आणि अख्मिलोव्स्काया १९८६ मध्ये जगज्जेतेपदासाठी चिबुर्दानिद्झेशी लढल्या होत्या. म्हणजे जगज्जेती आणि तिच्या लागोपाठच्या दोन आव्हानवीर एकाच संघात बसल्या होत्या. असा संघ पाहून स्पर्धेआधी कोणी त्याच्या पराभवावर पैज लावली नसती.

७/
आता ती प्रसिद्ध घटना. अख्मिलोव्स्काया या स्पर्धेत विलक्षण खेळत होती. नऊ डावांत साडेआठ गुण. आणि स्पर्धेच्या अखेरच्या फेऱ्या बाकी असताना ती संघातून नाहीशी झाली. अमेरिकी संघाचा कर्णधार जॉन डोनाल्डसन याच्याशी तिचा आधीपासून परिचय होता. दोघांनी थेसालोनिकीतच लग्न केले आणि ती त्याच्यासह अमेरिकेला निघून गेली. शीतयुद्ध अजून संपलेले नव्हते. जगभरच्या वृत्तपत्रांना याहून चटकदार मजकूर मिळणे कठीण होते. बुद्धिबळाला सहसा न मिळणारी जागा या लग्नाला मिळाली.

८/
या घटनेने सोव्हिएत संघाचे नुकसान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. जवळजवळ प्रत्येक डाव जिंकणारी खेळाडू गेली. उरल्या तिघी. राखीव कोणी नाही, म्हणजे एखादी थकली, आजारी पडली किंवा सूर हरपून बसली तरी तिला विश्रांती देता येणार नाही. शिवाय मनःस्थितीचा प्रश्न होताच. सहकारी परदेशी निघून गेल्यावर मायदेशी काय चौकशी होईल, ही चिंता सोव्हिएत खेळाडूंना सुखाने झोपू देणारी नव्हती. अशा स्थितीत अर्ध्या गुणाने सुवर्ण हुकले, तर ‘ती गेली म्हणून हरलो’ हे वाक्य आपोआप ओठांवर येते.

९/
पण इतिहासात आपोआप सुचलेले वाक्य आकड्यांवर घासून पाहावे लागते. सुदैवाने येथे तशी सोय आहे. १९८० पासूनच्या ऑलिंपियाडमध्ये महिलांचे सामने त्याच रीतीने झाले : चौदा फेऱ्या, तीन पट, बेचाळीस डाव. त्यांतील सोव्हिएत संघाचे गुण असे :

१९८०, व्हॅलेटा : ३२.५ (सुवर्ण)
१९८२, लुझर्न : ३३ (सुवर्ण)
१९८४, थेसालोनिकी : ३२ (सुवर्ण)
१९८६, दुबई : ३३.५ (सुवर्ण)
१९८८, थेसालोनिकी : ३२.५ (रौप्य)

हा तक्ता दोनदा वाचावा.

१०/
१९८८ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला नाही. एक अव्वल खेळाडू गमावूनही त्याने नेहमीइतकेच गुण मिळवले. १९८० मध्ये तेवढ्याच गुणांवर त्याला सुवर्ण मिळाले होते. १९८४ मध्ये तर याच शहरात याहून अर्धा गुण कमी मिळवूनही तो पहिला आला होता, आणि तोही दुसऱ्या क्रमांकाच्या बल्गेरियाला साडेचार गुणांनी मागे टाकून. व्यवस्था खिळखिळी झाली होती म्हणावे, तर १९८८ मध्येच पुरुषांचे सुवर्ण कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह यांच्या सोव्हिएत संघाने जिंकले. बदल सोव्हिएत रकान्यात फारसा झालाच नव्हता. तो शेजारच्या रकान्यात झाला होता.

११/
शेजारचा रकाना हंगेरीचा. १९८० मध्ये ३२ गुण, दुसरा क्रमांक. १९८२ मध्ये २६, तिसरा क्रमांक. १९८४ मध्ये पहिल्या तिघांत स्थान नाही. १९८६ मध्ये २९, पुन्हा दुसरा. आणि १९८८ मध्ये ३३. दोन वर्षांत चार गुणांची झेप. तिसऱ्या आलेल्या युगोस्लाव्हियाचे गुण २८ होते. म्हणजे एरवी रौप्यपदक जेथे मिळायचे, त्या पातळीवर बाकीचे जग उभेच होते. एकटा हंगेरी सोव्हिएत उंचीवर चढून गेला. अर्ध्या गुणाचे स्पष्टीकरण हवे असेल तर या चार गुणांपासून सुरुवात करावी लागते.

१२/
यावर रास्त आक्षेप असा : अख्मिलोव्स्काया थांबली असती तर तिने आणखी एखादा गुण आणला असता आणि सोव्हिएत संघच जिंकला असता. शक्य आहे. येथे मराठीतले दोन जुने शब्द उपयोगी पडतात : निमित्त आणि कारण. १९८४ मध्ये सोव्हिएत संघाची एखादी खेळाडू अशीच निघून गेली असती तर काय झाले असते? साडेचार गुणांची आघाडी होती. बहुधा काहीच नाही. एका व्यक्तीच्या जाण्याने निकाल फिरू शकतो, अशी स्थिती मुळात कोणी निर्माण केली, हा प्रश्न कारणाचा आहे. लग्न हे निमित्त. ती स्थिती निर्माण केली हंगेरीच्या चौघींनी.

१३/
याची आणखी एक कसोटी दोन वर्षांनी लागली. १९९०, नोव्ही साद. या वेळी कोणी पळून गेले नाही. सोव्हिएत संघात चिबुर्दानिद्झेसोबत अनुभवी गाप्रिंदाश्विली होती आणि तरुण केतेवान अराखामियाही. अराखामियाने बारा डावांत बारा गुण मिळवले, एकही बरोबरी नाही. तरीही अंतिम आकडे होते हंगेरी ३५, सोव्हिएत संघ ३५, आणि समान गुणांच्या निर्णायक निकषावर सुवर्ण पुन्हा हंगेरीला. एका खेळाडूच्या निर्दोष खेळानेही जे जमले नाही, ते १९८८ मध्ये एका खेळाडूच्या थांबण्याने नक्की जमले असते, असे ठामपणे कोण म्हणेल? दोन संघ समबळ झाले होते, एवढेच खात्रीने म्हणता येते.

१४/
आता दुसरी कथा. लास्लो पोल्गार आणि क्लारा हे शिक्षक दांपत्य. प्रतिभा जन्मजात नसते, ती घडवता येते, असे लास्लोचे मत होते. त्याने आपल्या मुलींना शाळेऐवजी घरी शिकवले आणि बुद्धिबळ हा शिक्षणाचा कणा केला. तिघी मुली : झुझा, जी पुढे सुसान या नावाने प्रसिद्ध झाली, झोफिया, आणि ज्युडिट. थेसालोनिकीत त्यांची वये अनुक्रमे एकोणीस, चौदा आणि बारा होती. तीन बहिणी एका संघात, आणि त्या संघाला सुवर्ण. पित्याचा सिद्धान्त सिद्ध झाला, असे जगाने मानले. त्याचे पुस्तकही पुढच्याच वर्षी आले.

१५/
या कथेत एक अडचण आहे आणि तिचे नाव इल्डिको माड्ल. हंगेरीच्या संघातील चौथी खेळाडू. ती पोल्गारांच्या घरात वाढली नव्हती, त्या प्रयोगाचा भाग नव्हती. थेसालोनिकीला येण्याआधीच, १९८६ मध्ये, ती मुलींच्या गटात कनिष्ठ जगज्जेती झाली होती. ‘पोल्गार भगिनींनी सुवर्ण जिंकले’ हे वाक्य उच्चारले की तिचे सर्व गुण हिशेबातून गळतात. आणि ते गळले तर हंगेरी पहिला राहत नाही. अर्ध्या गुणाने जिंकलेल्या संघात एका खेळाडूला विसरणे म्हणजे विजयच विसरणे होय.

१६/
हंगेरीच्या ३३ गुणांची फोड पाहा. पहिल्या पटावर झुझाचे चौदा डावांत साडेदहा. दुसऱ्या पटावर ज्युडिटचे तेरा डावांत साडेबारा. उरलेले दहा गुण माड्ल आणि झोफिया यांचे मिळून. झुझाचा आकडा वरवर पाहता फिका वाटतो : सात विजय, सात बरोबऱ्या. पण ती एकही डाव हरली नाही, एकाही फेरीत तिने विश्रांती घेतली नाही, आणि प्रत्येक संघाची सर्वांत बलवान खेळाडू तिच्यासमोर बसत होती. त्या सातांपैकी एक बरोबरी जरी पराभवात बदलली असती तरी हंगेरीचे गुण ३२.५ होऊन आघाडी संपली असती.

१७/
ज्युडिटचा खेळ मात्र नजरेत भरणाराच होता. बारा विजय, एक बरोबरी, दुसऱ्या पटाचे सुवर्ण. बल्गेरियाच्या पावलिना अँगेलोवाविरुद्धचा तिचा डाव अवघ्या सतरा चालींत संपला. बल्गेरिया हा कच्चा संघ नव्हे. चारच वर्षांपूर्वी तो या स्पर्धेत दुसरा आला होता. त्याच वर्षी ज्युडिटने बारा वर्षांखालील मुलांच्या गटाचे जागतिक अजिंक्यपदही मिळवले होते. जानेवारी १९८९ च्या जागतिक यादीत तिचे एलो गुण २५५५ झाले आणि ती जगातील सर्व स्त्री खेळाडूंच्या पुढे गेली, चिबुर्दानिद्झेच्याही. हे गुण कोणाच्या सिद्धान्ताने मिळवले नव्हते. घड्याळ चालू असताना चाली तिलाच सुचवाव्या लागत होत्या.

१८/
प्रयोगाच्या कथेत आणखी एक पिढी झाकली जाते. हंगेरीच्या महिला १९८८ मध्ये शून्यातून वर आल्या नव्हत्या. झुझा वेरोत्सी, मारिया इवांका यांच्या पिढीने १९७८ आणि १९८० मध्ये सलग दोनदा रौप्य आणले होते. १९८० चे आकडे पुन्हा पाहा : सोव्हिएत संघ ३२.५, हंगेरी ३२. म्हणजे आठ वर्षांपूर्वी हाच अर्धा गुण उलट दिशेने पडला होता. त्या अर्ध्या गुणाभोवती ना प्रेमकथा होती, ना शिक्षणाचा प्रयोग. म्हणून तो कोणाच्या स्मरणात नाही. पण सोव्हिएत संघाला गाठता येते, हे हंगेरीत तेव्हाच कळले होते.

१९/
मग चार गुणांची ती झेप आली कोठून? मोठा वाटा पोल्गार बहिणींचा, यात वाद नाही. पण त्यांच्या घराइतकेच महत्त्व त्या कोणाविरुद्ध खेळत होत्या याला आहे. केवळ महिलांच्या स्पर्धांऐवजी खुल्या स्पर्धांत पुरुषांशी खेळायचे, हा त्यांचा आग्रह होता. मुलींनी महिलांच्या स्पर्धा खेळाव्यात, असे हंगेरीच्या बुद्धिबळ व्यवस्थेचे म्हणणे होते. या आग्रहाची किंमत झुझाने मोजली. १९८६ मध्ये पुरुषांच्या जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीसाठी पात्र ठरूनही स्त्री म्हणून तिला प्रवेश नाकारण्यात आला.

२०/
त्याच वर्षी दुबईत फिडे या जागतिक महासंघाने आणखी एक निर्णय घेतला. जगातील सर्व महिला खेळाडूंच्या एलो गुणांत प्रत्येकी १०० गुणांची भर घालायची. अपवाद फक्त एक, झुझा पोल्गार. युक्तिवाद असा की स्त्रिया आपापसांतच खेळत असल्याने त्यांचे गुण प्रत्यक्ष ताकदीपेक्षा कमी राहतात, झुझा मात्र पुरुषांशी खेळून गुण मिळवते. परिणाम : महिलांच्या यादीत पहिली असलेली झुझा जानेवारी १९८७ मध्ये खाली गेली. फिडेच्या या युक्तिवादात एक कबुलीही दडलेली होती. स्त्रियांना स्त्रियांपुरते मर्यादित ठेवले की त्यांचे खरे बळ आकड्यांत उतरत नाही, हे महासंघ स्वतःच मान्य करीत होता.

२१/
हा झगडा मराठी वाचकाला अनोळखी नसावा. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी याही त्याच तोडीच्या. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, वाद उफाळला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. आणि तरीही दहा वर्षांनी झुझाला दारावरूनच परत पाठवले गेले! नियम कागदावर येणे आणि व्यवहारात उतरणे यांत किती अंतर असते, याचा हा नमुना.

२२/
या पार्श्वभूमीवर थेसालोनिकीचा निकाल वेगळा दिसू लागतो. मुख्यतः पुरुषांविरुद्ध खेळून तयार झालेल्या तीन मुली, महिलांच्या कनिष्ठ गटातून वर आलेली एक तरुणी आणि त्यांच्या आधी दोनदा रौप्य मिळवून गेलेली एक पिढी, एवढ्यांचे श्रम त्या ३३ गुणांत आहेत. पित्याने मुलींसाठी दार ठोठावले, हे त्याचे श्रेय आहे आणि ते त्याला द्यावे. पण आत जाऊन बेचाळीस डाव त्याने खेळले नाहीत. खाडिलकरांच्या बाबतीतही तेच. न्यायालयाची लढाई कुटुंबाची होती, पण समोर बसलेल्या राज्य विजेत्यांना पटावर हरवले ते तेरा वर्षांच्या रोहिणी यांनी.

२३/
पहिली कथा जिच्याभोवती रचली गेली, त्या अख्मिलोव्स्कायावरही अन्यायच झाला. ‘पळून गेलेली’ एवढीच तिची ओळख उरली. ती जगज्जेतेपदाची आव्हानवीर होती. त्या स्पर्धेतील नऊपैकी साडेआठ गुण तिचेच होते, आणि ती सोडून गेल्यावरही ते सोव्हिएत खात्यात जमा राहिले. ते वगळले तर तो संघ रौप्याच्या जवळपासही फिरकला नसता. पुढे अमेरिकेत ती तीनदा राष्ट्रीय महिला विजेती झाली. २०१२ मध्ये तिचे निधन झाले. तिची सहकारी लेव्हितिनाही नंतर अमेरिकेत स्थायिक झाली आणि पत्त्यांच्या ब्रिज खेळात तिने जागतिक विजेतेपदे मिळवली. या स्त्रियांची आयुष्ये एका मथळ्यात मावणारी नव्हती.

२४/
हा सगळा काथ्याकूट १९८८ च्या अर्ध्या गुणासाठी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर २०२४ मध्ये आहे. पोल्गार बहिणींच्याच बुडापेस्टमध्ये भारतीय महिलांनी पहिल्यांदा ऑलिंपियाडचे सुवर्ण जिंकले. भारत १९ गुण, कझाकस्तान १८. वाट सरळ नव्हती. आठव्या फेरीत पोलंडकडून पराभव, नवव्या फेरीत अमेरिकेशी २–२ बरोबरी, आणि तीही वंतिका अगरवालने इरिना क्रश हिला हरवल्यामुळे हाती लागलेली. मग चीनवर मात आणि शेवटी अझरबैजानवर ३.५–०.५ असा विजय. हरिका, वैशाली, नागपूरची दिव्या देशमुख, वंतिका, तानिया सचदेव या पाच खेळाडू आणि पुण्याचे कर्णधार अभिजित कुंटे.

२५/
या विजयाच्याही कथा रचल्या जातील. कोणी एका प्रशिक्षकाला श्रेय देईल, कोणी एखाद्या पालकाच्या त्यागाला, कोणी प्रतिस्पर्धी संघातील अनुपस्थितांना. त्यांत थोडेफार तथ्यही असेल. वैशालीने कोणत्या डावात बरोबरी राखली, वंतिकाने कोणती फेरी वाचवली, हे मात्र हळूहळू पुसट होत जाईल. तसे होऊ द्यायचे नसेल तर फेरीनिहाय निकाल, पटनिहाय गुण आणि प्रत्यक्ष डाव आजच वाचून ठेवावेत. ते सर्वांना उपलब्ध आहेत.

२६/
पुरुषांचा संघ हरला की खेळातल्या चुका शोधल्या जातात. स्त्रियांचा संघ हरला की घरातली, नात्यातली, मनातली कारणे शोधली जातात. जिंकला की त्यामागचा पुरुष शोधला जातो. थेसालोनिकीच्या दोन्ही कथा याच सवयीतून टिकून राहिल्या आहेत. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने अशी गोडीदार कथा समोर आली की आधी तक्ता मागावा. १९८८ चा तक्ता सांगतो की सोव्हिएत संघ नेहमीइतकाच चांगला खेळला आणि हंगेरीच्या चौघी त्याहून अर्धा गुण अधिक चांगल्या खेळल्या. तो अर्धा गुण झुझा, ज्युडिट, इल्डिको आणि झोफिया या चौघींचा आहे.

(समाप्त)